चार नंबरच्या खाटेवरचा आवाज

त्याचा आवाज अख्ख्या गावाने ऐकला होता, पण तोंड फारसं कुणी बघितलं नव्हतं. बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून तो गाड्या पुकारायचा. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येतेय, कुणाचं पोर चुकून चौकशीच्या खिडकीशी रडत बसलंय, सगळं त्याच्या गळ्यातून जायचं. लोकांनी त्याचं नाव भोंगा ठेवलं होतं. गाव त्याला अरे-तुरेच करायचं, तेव्हा आपणही तसंच करू. त्याला राग यायचा नाही.

त्याची बायको नर्सिंग कॉलेजात ट्यूटर. तिला मात्र अरे-तुरे करायची छाती कुणाला नव्हती, नवऱ्यालासुद्धा नाही म्हटलं तरी चालेल. तरुणपणी टायफॉइडने आजारी पडून तो तिच्या वॉर्डात आला होता आणि बरा होऊन घरी जायच्या ऐवजी तिलाच मागणी घालून बसला. तेव्हापासून तो तिला सिस्टर म्हणायचा. लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी सासरी गेली, तरी सिस्टर ती सिस्टरच. कुठल्याही प्रश्नाला त्याचं एकच ठरलेलं उत्तर असायचं. पडदे कुठल्या रंगाचे हवेत, पंखा दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, कुणाकडे जेवायला जायचं की नाही, काहीही विचारा. "आमच्या सिस्टरला विचारा आधी." ट्यूटरबाईंचे कान किटले होते ते ऐकून. "तुम्हाला स्वतःचं डोकं आहे की नाही?" असं त्या म्हणायच्या, आणि तो म्हणायचा, "तेही सिस्टरलाच विचारा."

जन्मभर त्याच्या खिडकीखाली गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या राहिल्या आणि वरून त्याची स्वतःची सिगारेट होतीच. शेवटी छातीने हात टेकले. जिना चढताना तो मधल्या पायरीवर बसायला लागला. एक गाडी पुकारायला दोन श्वास लागायला लागले, तेव्हा त्याने नोकरी सोडली. ज्याचं तोंड कधी मिटत नव्हतं, तो माणूस घरात खिडकीशी गप्प बसून राहिला. बाईंना त्याच्या खोकल्यापेक्षा त्या गप्प बसण्याची जास्त धास्ती वाटायची.

त्याच सुमाराला कॉलेजने सिम्युलेशन घ्यायचं ठरवलं. म्हणजे संगणकावरचा पेशंट. आता तुम्ही म्हणाल, गावात दवाखाने आहेत, आजारी माणसांना काही तोटा नाही, मग खोटे पेशंट कशाला? पण बाईंना विचारलं असतंत तर त्यांनी तुम्हाला वॉर्डात नेऊन उभं केलं असतं. एका खाटेभोवती पंधरा मुली, मागच्यांना पेशंटचे पायसुद्धा दिसत नाहीत, आणि पेशंट बिचारा कावलेला. शिकाऊ हाताला चुकायला जागा लागते, आणि जिवंत माणसाच्या अंगावर ती देता येत नाही. लॅबच्या पडद्यावर खाट दिसते, खाटेवर माणूस, बाजूला ऑक्सिजनचा नॉब, वर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा. मुलीने नॉब फिरवायचा, औषध निवडायचं, आणि माणसाचं काय होतं ते बघायचं. चुकलं तर पुन्हा सुरू.

निवड समितीत तिघं होते: प्राचार्यबाई, संगणक विभागाचे मास्तर आणि ट्यूटरबाई. दोन कंपन्यांची सॉफ्टवेअरं चाचणीला आली. एक परदेशी होतं. त्यातले पेशंट परक्या भाषेत कण्हायचे, खाली अक्षरं उमटायची, आणि चूक झाली की पेशंट सरळ मरायचा. पडदा काळा, एक लांब सूर, संपलं. चाचणीच्या दिवशी एक मुलगी उठून बाहेर गेली ती संडासात तोंड धूत बसली. दुसरी कंपनी लहान होती. तिचा टायवाला माणूस म्हणाला, "आम्ही पेशंट तुमच्या भाषेत बोलता करून देऊ. आवाज तेवढे तुम्ही द्या. खऱ्या आजारी माणसांचे असले तर सोन्याहून पिवळं."

बाईंच्या डोक्यात त्याच क्षणी कोण आलं हे सांगायला नको.

कॉलेजच्या वाचनालयात खिडक्यांना घोंगड्या टांगून आवाज घेतले. भोंगा इस्त्रीचा सदरा घालून आला. घरात घोटभर पाण्याला उठायचा कंटाळा करणारा माणूस मायक्रोफोन समोर दिसताच ताठ बसला. टायवाल्याने कागदावरची वाक्यं दिली, ती त्याने म्हटली. दम लागल्याचं, छाती भरल्याचं, बरं वाटल्याचं. खोकला मागितला तर म्हणाला, "किती हवा? घरचाच आहे." मधेच टायवाल्याने कागदाबाहेरचं विचारलं, "काका, ऑक्सिजन वाढवू का?" म्हणजे नुसतं सहज, आवाजाची पातळी बघायला. तर हा म्हणतो, "आमच्या सिस्टरला विचारा आधी." सगळे हसले. टायवाला म्हणाला, हे ठेवूया, अगदी खऱ्या पेशंटसारखं वाटतंय.

मग शेवटी मरणाचे आवाज घ्यायचे होते. गुंगीतलं बोलणं, मंदावत जाणारा श्वास, मग तो थांबणं. भोंग्याने ते असं काही वठवलं की टायवाला यंत्र बंद करायचं विसरला. शेवटचा श्वास सोडून त्याने मान टाकली, आणि थोड्या वेळाने एक डोळा उघडून बायकोकडे बघितलं. "कसं काय, सिस्टर?"

बाई खुर्चीतून उठल्याच. "असलं अभद्र परत करू नका," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढच्या बैठकीत त्यांनी लहान कंपनीचं सॉफ्टवेअर घ्यावं असं मत दिलं, पण एक अट घातली. आमच्याकडे पेशंट मरायला नको. पहिल्या वर्षाच्या कोवळ्या मुली असतात, त्यांची उमेद खचते. प्राचार्यबाईंना पटलं, मास्तरांना पटलं, करारात तशी अट पडली. मुलींच्या उमेदीचं कारण खोटं होतं असं नाही, पण ते दुसऱ्या नंबरचं होतं. पहिलं कारण बाईंनी स्वतःलासुद्धा धड सांगितलं नाही. आपल्या माणसाचं मरण कुठल्यातरी डबीत साठवून ठेवलंय आणि ते रोज वाजणार, हे त्यांना सोसणारं नव्हतं. चाळीस वर्षं मरणं बघितलेली बाई, पण आपल्या घरची गोष्ट आली की सगळे एका माळेचे मणी.

सॉफ्टवेअर आलं तेव्हा प्रत्येक खाट त्यांनी स्वतः तपासली. चार नंबरला भोंगा. चेहरा कुणा भलत्याचाच काढलेला, टक्कल आणि मिशी, पण आवाज त्याचा. फुप्फुसाचा जुना आजार, दम लागलाय. अशा छातीला ऑक्सिजन जपून द्यावा लागतो. थोडाच. जास्त दिला की माणूस शांत होतो, गालावर रंग येतो, झोप लागते, आणि बघणाऱ्याला वाटतं सुधारला. आतल्या आत मात्र रक्तात विषारी वायू साचत जातो आणि ती झोप उतरत नाही. बाईंनी हे वर्गात घसा फोडून शिकवलेलं होतं. त्यांनी नॉब एकावर ठेवला, औषध दिलं, वाट बघितली. भोंग्याचा दम हळूहळू खाली बसला. "आता बरं वाटतंय, सिस्टर." बाईंनी मान डोलावली आणि सही केली. मुद्दाम चुकीचं करून बघावं हे त्यांच्या हाताला सुचलंच नाही. ज्या हाताला जन्मात कधी ती चूक झाली नाही, त्याला कसं सुचावं?

मुलींचा चार नंबर लाडका झाला. त्यांना ठाऊक होतं आवाज कुणाचा आहे ते. वसतिगृहात कुणी कुणाला काही विचारलं, पावडर दे गं, खिडकी लावू का, की पलीकडून उत्तर यायचं, "आमच्या सिस्टरला विचारा आधी." भोंग्याला हे कळल्यावर तो इतका हसला की खोकत सुटला. गावाने आपल्याला विसरू नये एवढीच त्याची हौस होती, आणि ती पुरी झाली होती.

मग काही वर्षांनी एका थंडीत त्याच्या छातीत कफ झाला. सकाळी बाईंनी त्याला दवाखान्यात दाखल केलं. त्या दिवशी कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि बाई परीक्षक. डॉक्टरांनी ऑक्सिजन थोडाच लावायला सांगितला, बाईंनी सकाळच्या नर्सला पुन्हा बजावलं, नॉब स्वतः बघितला. भोंगा म्हणाला, "जा तुम्ही. पोरी खोळंबल्या असतील." त्या गेल्या. दुपारभर त्या लॅबमध्ये टेबलाशी बसून सॉफ्टवेअरने दिलेले गुण वहीत उतरवत होत्या, आणि दर थोड्या वेळाने चार नंबरच्या खाटेवरून नवरा सांगत होता की आता बरं वाटतंय.

संध्याकाळी पोचल्या तेव्हा त्याला अतिदक्षता विभागात हलवलं होतं, नळी घातली होती. तो शुद्धीवर आलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. डॉक्टर म्हणाले, छाती थकली होती, आज ना उद्या हे होणारच होतं. बाईंनी पुढे काही विचारलं नाही. काय विचारायचं नसतं, हे नर्सला इतरांपेक्षा चांगलं कळतं.

मुलगी काही दिवस राहून परत गेली. जाताना म्हणाली, "आई, बाबांचा आवाज जप हं. आपल्याकडे काहीच नाही बघ." आणि खरंच नव्हतं. लग्नाच्या चित्रफितीत तो होता, पण बँडच्या गोंगाटात. जन्मभर भोंगा वाजत राहिला, तर त्याचा आवाज धरून ठेवावा असं कुणाला वाटणार? समोर बसून बोलल्यासारखा तो फक्त चार नंबरच्या खाटेवर उरला होता. बाई कामावर रुजू झाल्या आणि तास संपल्यावर लॅबमध्ये थांबायला लागल्या. नॉब एकावर ठेवायचा, औषध द्यायचं, वाट बघायची. तो रोज बरा व्हायचा.

एका दुपारी दारात चिमणी उभी राहिली. चिमणी म्हणजे मागच्या तुकडीतली मुलगी. बारीक अंगाची, बारीक आवाजाची, हुशार. आता दवाखान्यात नोकरीला होती. गणवेशातच आली होती आणि तिचं तोंड उतरलं होतं.

"बस," बाई म्हणाल्या. "काय झालंय? जेवत नाहीस का?"

चिमणी बसली नाही. "बाई, काकांच्या वेळी दुपारची ड्यूटी माझी होती."

बाईंनी पडद्यावरची खाट बंद केली.

"त्यांना दम लागला होता. आकडा खाली होता. मी म्हटलं, काका, ऑक्सिजन वाढवते. तर ते म्हणाले..." तिने बंद पडद्याकडे बघितलं. "ते म्हणाले, आमच्या सिस्टरला विचारा आधी."

"मग?"

"मला हसू आलं, बाई. मला वाटलं काका गंमत करतायत. लॅबमधलं म्हणतायत. मी म्हटलं, हो काका, विचारते हं. आणि नॉब पूर्ण फिरवला. आकडा वर गेला. त्यांना झोप लागली. तोंड इतकं छान दिसत होतं, म्हणून मी दुसऱ्या खाटेकडे गेले. संध्याकाळी ताप बघायला आले तर उठेनात."

बाईंना काही क्षण नुसती चीड आली. या पोरीच्या थोबाडीत मारावी असं वाटलं, अगदी हात शिवशिवले. "वर्गात सांगितलं नव्हतं मी? किती वेळा सांगितलं? पालथ्या घड्यावर पाणी ओतत होते का मी?"

"सांगितलं होतं. परीक्षेत लिहिलंयसुद्धा मी." चिमणीचा आवाज आता ऐकूही येईना. "पण लॅबमध्ये आम्ही पूर्णच फिरवायचो. सगळ्याच. तसं केलं की काका लवकर बरे व्हायचे आणि गुण जास्त पडायचे."

"काय म्हणालीस?"

"लवकर बरे व्हायचे, बाई."

ती गेल्यावर बाईंनी लॅबचं दार लावलं. मग त्यांनी चार नंबरची खाट सुरू केली आणि आयुष्यात पहिल्यांदा तो नॉब शेवटपर्यंत फिरवला. आकडा सरसर वर गेला. टकल्या चेहऱ्यावर लाली आली. भोंगा म्हणाला, "आता बरं वाटतंय, सिस्टर. झोप येतेय जरा." पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली, उत्तम काम, आणि गुण त्यांना स्वतःला कधी पडले नव्हते तेवढे. तेव्हा त्या रडल्या. दवाखान्यात रडल्या नव्हत्या, मुलगी परत गेल्यावर रडल्या नव्हत्या, तिथे रिकाम्या लॅबमध्ये ओठ चावून रडल्या.

टायवाल्याला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. सगळं ऐकून त्याला घाम फुटला. "बाई, पेशंट मरायला नको अशी तुमचीच अट होती. मूळ रचनेत जास्त ऑक्सिजन दिला की काका गुंगीत जाऊन दगावत होते. ते काढायचं म्हटल्यावर आमच्या पोरांनी सगळे रस्ते बरं होण्याकडेच वळवले. आकडा वर गेला की पेशंट सुधारला, हा सगळ्या खाटांचा सरसकट नियम, तोच इथेही लागला. तुम्ही तपासून सही केलीत, म्हणून आम्हीही पुन्हा बघितलं नाही."

"मी बरोबर करून तपासलं," बाई म्हणाल्या.

"सगळेच तसं तपासतात," टायवाला म्हणाला. सांत्वन म्हणून म्हणाला असावा.

"मूळ रचना आहे अजून?"

"आहे. काकांचे आवाजही सगळे आहेत. शेवटचेसुद्धा."

लायसन्सची मुदत संपतच आली होती. बाईंकडून सगळं कळल्यावर प्राचार्यबाईंनी समिती बोलावली आणि दार लावून घेतलं. त्यांचं ऐकून घेण्यासारखं होतं. "हे बघा, तुमच्यावर काय प्रसंग आलाय ते मी जाणते. पण झाकली मूठ झाकलेली राहू दे. मुदत संपतेय, ती संपू द्यायची. परदेशी घ्यायचं. कारण सांगायची गरजच नाही. ऑक्सिजनचं त्यात अगदी चोख आहे, मास्तरांनी बघितलंय." मास्तरांनी मान हलवली. "आणि तुमच्या यजमानांचा आवाजही सन्मानाने बाहेर पडेल. तुम्हालाही मोकळं वाटेल."

बाईंना तो रस्ता दिसला आणि त्याचा मोह पडला, खोटं कशाला बोला. आवाज जाईल, पण मरण ऐकावं लागणार नाही. चिमणीचं नाव कुठे येणार नाही, आपलंही येणार नाही.

"ती मूठ माझ्या घरात उघडली, प्राचार्यबाई," त्या म्हणाल्या. "आणि आधीच्या तुकड्यांचं काय? त्या मुली आज कुठल्या कुठल्या वॉर्डात उभ्या आहेत. दमेकरी दिसला की हात नॉबकडे जाणार आणि पूर्ण फिरणार. वर्गात सांगून हात सुधारत नाही, हे बघितलंय मी. ज्या खाटेवर बिघडला त्याच खाटेवर सुधारेल. मला तेच सॉफ्टवेअर हवंय, माझी अट काढून टाकून. आणि जुन्या मुलींना परत बोलवायचंय."

"कॉलेजच्या नावाचा विचार करा."

"मी चार नंबरच्या खाटेचा विचार करतेय."

प्राचार्यबाई शेवटी तयार झाल्या, पण जुन्या मुलींना कॉलेजतर्फे कळवायला साफ नाही म्हणाल्या. मग बाईंनी घरून एकेकीला फोन लावले. काही आल्या नाहीत. काहींनी फोन उचलला नाही. एकीची सासू म्हणाली, नोकरीला लागलेल्या पोरीला आता कसली शाळा?

स्वतःच्या मुलीला मात्र त्यांना फोनवर सांगावंच लागलं.

"आई, म्हणजे बाबांना तुम्ही रोज मारणार?"

"चुकलं तर मरतील."

"मग आवाज काढून टाका ना. दुसऱ्या कुणाचा घाला. आपल्यापाशी एक ठेवू आणि बाकी पुसायला सांगू."

"दुसऱ्या कुणाचं मरण पोरींच्या हाताला लागणार नाही गं. यांचा आवाज ओळखीचा आहे."

"तू आई आहेस की ट्यूटर?" मुलीने विचारलं आणि फोन ठेवला. त्यानंतर पुष्कळ दिवस तिने फोन केला नाही. बाईंनी करारावर सही केली तेव्हा त्यांना ते सगळ्यात जास्त बोचत होतं.

जुन्या मुली रविवारी आल्या. कुणी गणवेशात, कुणी घरच्या कपड्यांत, एकीच्या कडेवर मूल. चिमणी मागच्या रांगेत भिंतीला चिकटून उभी होती. बाईंनी काय घडलं ते सांगितलं. नाव कुणाचंच घेतलं नाही, स्वतःचं सोडून. मग त्या चार नंबरच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"आज मी ट्यूटर नाही," त्या म्हणाल्या. "या माणसाची बायको आहे. पेशंटला काही विचारायचं तर त्याला विचारा, मला विचारायचं तर मागे वळा. मी इथेच आहे."

पहिली मुलगी बसली. चांगली अनुभवी, तीन वर्षं वॉर्डात काढलेली. पेशंट धापा टाकत होता. तिने औषध निवडलं, तपासलं, सगळं नीट केलं. भोंगा म्हणाला, "आमच्या सिस्टरला विचारा आधी." एरवी इथे हशा पिकायचा. आज कुणी हसलं नाही. आणि सगळं ऐकून, सगळं समजून बसलेल्या त्या मुलीचा हात नॉबकडे गेला आणि त्याने तो शेवटपर्यंत फिरवला. हात फिरल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने मागे बघितलं. बाईंनी पडद्याकडे बोट केलं.

आकडा वर चढला. चेहऱ्यावर लाली आली. "आता बरं वाटतंय, सिस्टर. झोप येतेय जरा." पूर्वी इथे हिरवी अक्षरं यायची. आता आली नाहीत. भोंगा गुंगीत काहीतरी पुटपुटायला लागला. त्यातले दोन शब्द बाईंना कळले. कुठल्यातरी गाडीचा फलाट सांगत होता तो, वाचनालयात बसल्या बसल्या स्वतःच्या मनाने घातलेला. मग श्वास लांबत गेला. दोन श्वासांमधली जागा वाढत गेली. मुलगी भराभर नॉब खाली आणत होती, पण आता त्याचा उपयोग नव्हता. बाईंनी कान झाकले नाहीत, डोळेही मिटले नाहीत. शेवटचा श्वास सुटला तेव्हा त्या पडद्याकडेच बघत होत्या, आणि त्यांना ठाऊक होतं की या वेळी तो एक डोळा उघडून बघणार नाही.

कडेवरचं मूल रडायला लागलं. त्याच्या आईने त्याला बाहेर नेलं.

"गेले," बाई म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा स्थिर निघाला. "ऊठ. पुढची."

कुणी पुढे येईना. मग भिंतीपासून चिमणी सुटली, येऊन खुर्चीत बसली आणि तिने खाट पुन्हा सुरू केली. भोंगा परत धापा टाकायला लागला. तिने औषध दिलं. नॉबवर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसली. आकडा खाली होता. पेशंटला दम पुरत नव्हता. पडद्यावरचं घड्याळ पळत होतं.

"आमच्या सिस्टरला विचारा आधी," भोंगा म्हणाला.

चिमणीने नॉबवरचा हात काढला आणि ती खुर्चीत पूर्ण मागे वळली. तिचे डोळे भरले होते, पण बारीक आवाज साऱ्या खोलीला ऐकू गेला.

"बाई, यांना ऑक्सिजन किती ठेवू?"

"एक ठेव," बाई म्हणाल्या. "दम लागतोय म्हणून घाबरू नकोस, त्यांना सवय आहे. पाठीला उशी दे, बसतं कर. आणि झोप येतेय म्हणाले तर झोपू देऊ नकोस. मला हाक मार, मी येते."